दुसऱ्या पगाराचं शहर

विवाहमंडळाच्या बायोडेटात अलीकडे एक ओळ रास-नाडी-गोत्राइतकीच पक्की झाली आहे: 'अपेक्षा – पुणे/मुंबईत नोकरी असणारा.' समोरच्या बायोडेटात तिचं उत्तर तयार असतं, 'पुण्यात स्वतःचा टू बीएचके.' सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. टीव्हीवाल्यांनी तो करमणूक म्हणून दाखवला आणि आपणही तसाच पाहिला. मुलींचं घटलेलं प्रमाण हा त्या मोर्चाचा मुद्दा होता आणि तो खराच आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या शिकलेल्या मुलींना तिथे संसार थाटायचा नाही, हीही गोष्ट खरी आहे. त्यावरचं ठरलेलं भाष्य असं, की मुलींना शहराची हवा लागली, त्यांना सासू-सासरे नकोत, मॉल हवेत.

मला हे पटत नाही. पदवी घेतलेली मुलगी 'पुणे' लिहिते तेव्हा ती एक साधा हिशोब मांडत असते: तिथे गेल्यावर मी काय करणार? बार्शीत, परभणीत, चाळीसगावात नवऱ्याचा धंदा चांगला चालत असेल, घर ऐसपैस असेल, दारात गाडी असेल. पण एम.एस्सी. झालेल्या मुलीने तिथे सकाळी दहा वाजता जायचं कुठे? या प्रश्नाचं उत्तर जे शहर देतं तिकडे जोडपी जातात, आणि जे देत नाही ते रिकामं होत जातं. रिकाम्या होणाऱ्या गावांना आपण रस्ते, विमानतळ, स्मार्ट सिटी आणि उद्योगांचे सामंजस्य करार देतो. ते निरुपयोगी आहेत असं नाही. पण हे सगळं एका कमावत्या माणसाचं घर डोळ्यापुढे ठेवून आखलेलं आहे. दोघांना काम देईल असं गाव घडवायचं, हे आपल्याकडे कुणाचं कामच नाही.

घराघरांत ही चर्चा कशी होते ते सगळ्यांनीच ऐकलंय. आधी त्याचं पॅकेज. मग फ्लॅटचा भाव, मग पाणी, शाळा, ट्रॅफिक, गावाकडून किती तासांवर. शेवटी कुणीतरी म्हणतं, "आणि हिलाही तिकडे काहीतरी मिळेलच की." त्या 'काहीतरी'त सगळं आलं. मुद्दे सगळे बरोबर आहेत, क्रम चुकीचा आहे. ज्याचा पगार जास्त, ज्याच्या क्षेत्रात मागणी जास्त, त्याला बहुतेक शहरांत काम मिळतं. म्हणून शहर निवडायचं ते दुसऱ्यासाठी, ज्याची नोकरी नाजूक आहे त्याच्यासाठी. आपल्याकडे तो दुसरा माणूस बहुतेक वेळा बायको असते. नेहमीच नसते. तहसीलदार बायकोच्या मागे फिरणारे प्राध्यापक नवरेही मी पाहिले आहेत, आणि त्यांचीही तशीच ओढाताण होते.

नमुन्यादाखल एक जोडपं घेऊ. तो नांदेडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. ती लातूरची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. त्याला वाळूज (छत्रपती संभाजीनगर), चाकण (पुणे), सातपूर (नाशिक), शिरोली (कोल्हापूर), कुठल्याही औद्योगिक वसाहतीत अर्ज टाकता येईल. चार शहरं त्याला खुली आहेत. तिचं काम म्हणजे बँकांचं कर्जाचं गणित, विमा, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी. ते महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे गोळा झालेलं आहे, थोडंफार नागपुरात. इतरत्र तिला ज्युनिअर कॉलेजात तासिका मिळतील किंवा लातूरला परत जाऊन नीटच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्राच्या मुलांना गणित शिकवता येईल. (लातूरचं एक मात्र मान्य करायला हवं. क्लासेस, होस्टेल, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका असा एक अख्खा उद्योग त्या गावाने स्वतःच्या हिमतीवर उभा केला, आणि त्यात बायकांना कामही मिळालं. त्या कामाच्या दर्जाबद्दल बोलायचं तर वेगळा लेख लागेल.)

त्यातही पहिली नोकरी मिळणं हा खरा प्रश्न नसतो. पहिली कशीबशी मिळते, ओळखीने का होईना. खरी परीक्षा तिसऱ्या नोकरीच्या वेळी होते. मूल झालं, दोन वर्षं घरी काढली आणि आता परत कामाला लागायचंय. किंवा कंपनीने विभागच बंद केला. किंवा साहेबाशी पटेनासं झालं. मोठ्या शहरात त्याच कामाच्या दहा जागा आणखी असतात. छोट्या शहरात ती एकच जागा असते, आणि ती सोडली की बाई कायमची घरी बसते. एकच मालक असलेल्या गावात पगारवाढही मागता येत नाही, कारण 'नाहीतर सोडून जाते' हे वाक्य तिच्याकडे नसतं.

अमेरिकेत या प्रश्नावर बरंच काम झालंय. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं, की १९४० ते १९९० या काळात दोघंही पदवीधर असलेली जोडपी अधिकाधिक प्रमाणात मोठ्या महानगरांत एकवटत गेली. कारण त्यांच्या मते हेच: दोन करिअर एका पत्त्यावर बसवायची तर शहर मोठंच लागतं. पुढे २००७ मध्ये जेनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलॅक यांनी तीच गोष्ट वेगळ्या आकडेवारीतून तपासली आणि त्यांना दुसरंच काही दिसलं. अशी जोडपी लग्नानंतर महानगरांत जातात असं फारसं नाही. शिकलेली एकटी मुलं-मुली आधीच तिथे येतात, तिथेच एकमेकांना भेटतात आणि लग्न करतात. आणि जोडपं जेव्हा खरोखर गाव बदलतं, तेव्हा दिशा ठरते नवऱ्याच्या शिक्षणावरून, बायकोच्या नव्हे.

मला दुसरा निष्कर्ष आपल्याला जास्त लागू वाटतो. आपल्याकडे तर २०११ च्या जनगणनेतही बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण 'लग्न' हेच आहे. बाई गाव बदलते ती नवऱ्याच्या घरी जाण्यासाठी, आणि तिच्या कामाचा विचार सामान उतरवून झाल्यावर सुरू होतो. बायोडेटातली ती 'पुणे/मुंबई'ची ओळ म्हणजे हा विचार लग्नाआधी उरकण्याचा मुलींनी शोधलेला एकमेव मार्ग आहे. नवरा निवडताना ती शहर निवडते, कारण नंतर तिला कुणी विचारणार नाही हे तिला माहीत असतं.

पुण्यात आली म्हणून ती कामाला लागेलच असंही नाही, आणि इथे शहराचं कौतुक करणाऱ्यांनी जरा थांबायला हवं. केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीचे २०२३-२४ चे आकडे आहेत. पंधरा वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांपैकी ४७.६ टक्के श्रमबळात आहेत, शहरी स्त्रियांपैकी २८ टक्के. शहरी पुरुष पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. खेड्यातल्या आकड्यात स्वतःच्या शेतावरची बिनपगारी राबणूक बरीच मिसळलेली आहे, हे धरूनही शहराचा आकडा शरमेचा आहे. शहर संधी देतं, पण त्या संधीपर्यंत पोचायला लागणारा वेळ, बस आणि पाळणाघर देत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं का? पूर्वी प्रश्नच वेगळा होता. गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याहून पुरुष एकटा यायचा, गाळ्यात दहा-पंधरा जणांत झोपायचा आणि गावी मनिऑर्डर पाठवायचा. बायको कोकणात भात लावायची. गिरण्यांत सुरुवातीला बायकाही बऱ्याच होत्या, पुढे त्या कमी होत गेल्या आणि त्यातल्या कितीतरी जणींनी खानावळी चालवून कुटुंबं जगवली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे मुंबईतही दुसरा पगार होताच. शहराच्या हिशोबात मात्र तो कुणी धरला नव्हता.

जिल्ह्याच्या गावांची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९७०-८० च्या दशकांत धुळे, सांगली, अकोला, सोलापूर या गावांत दोघंही नोकरी करणारा एक चांगला भरघोस मध्यमवर्ग होता. तो कोण होता? ती अनुदानित शाळेत बाई, तो जिल्हा परिषदेत. ती स्टेट बँकेत, तो कॉलेजात. ती एलआयसीत, तो एमएसईबीत. ती सिव्हिलमध्ये सिस्टर, तो एसटीत. मी ज्या पिढीची आहे त्या पिढीतल्या अनेकांची घरं या दोन पगारांवर बांधली गेली. वरचा मजलाही दुसऱ्या पगारातूनच चढला. त्या गावांत कारखाने फार नव्हते. जे होते तेही अडचणीत होते. सोलापूरच्या कापड गिरण्या याच काळात धापा टाकत होत्या. पण शाळा, बँक, कचेरी, दवाखाना होता आणि तिथल्या जागा नियमित भरल्या जायच्या. १९९४ च्या महिला धोरणाने राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिलं. त्याचा सर्वांत जास्त लाभ होऊ शकला असता तो अशाच गावांना.

झालं उलटच. आरक्षण आलं आणि जागा आटत गेल्या. २००० साली शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षं मानधनावर. ते मानधन इतकी वर्षं इतकं तुटपुंजं होतं, की २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकसाठी महिना १६ हजार झालं तेव्हा ती बातमी ठरली. 'कायम विनाअनुदानित' या दोन शब्दांखाली शेकडो शाळांतल्या बाई वर्षानुवर्षं नाममात्र पैशांत शिकवत राहिल्या. कॉलेजात तासिका तत्त्व आलं. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली बाई तासाच्या हिशोबाने शिकवते, मे महिन्यात तिला पगार नसतो आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही हे तिला माहीत नसतं. सरकारी बँकांची भरती आटली, आणि बँकेत जागा लागली तरी बदली बिहारात.

जिल्ह्याच्या गावातून तरुण जोडपी का जातात, याचं उत्तर शोधायला उद्योगमंत्र्यांकडे जाण्याआधी शिक्षण खात्याची बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणात याची नोंदवही, बघावी. गावातला दुसरा पगार तिथे होता. तो गेला आणि त्याच्या मागोमाग पहिला पगारही गेला, कारण इंजिनिअर नवरा एकट्याने वाळूजला राहायला तयार असेल, पण बायकोला पुण्यात नोकरी आहे म्हटल्यावर तोही चाकणला अर्ज टाकतो.

वाळूजचं नाव निघालंच आहे तर छत्रपती संभाजीनगरबद्दल बोलू. गेली चाळीस वर्षं राज्याने उद्योगासाठी एखाद्या शहरावर मेहनत घेतली असेल तर ती इथे. बजाज ऑटो १९८५ मध्ये वाळूजला आली, स्कोडा शेंद्र्याला, पुढे ऑरिक ही औद्योगिक नगरी, आता बिडकीन. टोयोटा किर्लोस्करशी २०२४ च्या जुलैत सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. आनंदाचीच गोष्ट. पण वाहन उद्योगाच्या शॉप फ्लोअरवर बहुतेक पुरुष असतात. करार होतो तेव्हा 'इतके हजार रोजगार' असा आकडा जाहीर होतो. त्या हजारांच्या घरातल्या दुसऱ्या माणसाने काय करायचं, हे कुणी विचारत नाही. त्यात या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. काही भागांत आठवड्याने येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या कुणीतरी रजा टाकायची असते. ती कोण टाकतं, हे वेगळं सांगायला नको. पाणीपुरवठा आणि स्त्रियांचा रोजगार हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत, असं मंत्रालयातच वाटू शकतं.

याच्या बाजूला नागपूर ठेवून पाहा. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारं तापमान कुणाला आवडत असेल असं नाही. तरीही विदर्भातलं दोन पदव्यांचं जोडपं पुणे सोडून दुसऱ्या कुठल्या गावाचा गंभीरपणे विचार करत असेल तर ते नागपूर. मिहान या विमानतळालगतच्या प्रकल्पामुळे आयटी कंपन्या आल्या हे एक कारण. माझ्या मते त्याहून मोठं कारण जुनं आहे: नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. विद्यापीठ १९२३ चं, हायकोर्ट १९३६ चं, मेडिकल १९४७ चं. राजधानी गेली, पण संस्था राहिल्या, आणि संस्था संस्थांना ओढतात. पर्यावरण संशोधन करणारी नीरी आली, कापूस संशोधन संस्था आली, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहेच, २०१५ मध्ये आयआयएम, २०१८ मध्ये एम्स. तिथे वकील, डॉक्टर, संशोधक, प्राध्यापक, आयकर अधिकारी अशा कुठल्याही बायकोला किंवा नवऱ्याला जागा सापडू शकते. कारखाना एका प्रकारच्या माणसाला काम देतो. कोर्ट-विद्यापीठ-इस्पितळ असं त्रिकूट असेल तर ते अनेक प्रकारच्या माणसांना देतं. नागपूरचं हे भाग्य नियोजनातून आलेलं नाही, इतिहासातून आलेलं आहे. पण त्यातून नियोजनासाठी शिकता येतं.

कोल्हापूरने नुकताच त्याचा पुरावा दिलाय. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सुरू झालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी काही दशकं आंदोलन केलं, आणि त्यात पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचेल हा मुद्दा पुढे होता. तो रास्तच. पण त्याचा दुसरा परिणाम मला जास्त रस घेण्यासारखा वाटतो. साताऱ्याची एखादी मुलगी लॉ करून हायकोर्टात वकिली करू पाहत असेल, तर कालपर्यंत तिला मुंबईशिवाय गत्यंतर नव्हतं आणि म्हणून तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. आता त्याची फौंड्री शिरोलीत आणि तिची प्रॅक्टिस भाऊसिंगजी रोडच्या आसपास, असं घर कोल्हापुरात उभं राहू शकतं. हे बेंच उद्योग धोरणाचा भाग म्हणून कुणी आणलं नाही. तरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक आणखी प्लॉट देण्यापेक्षा त्याने कोल्हापूरला जास्त जोडपी मिळतील, असं माझं मत आहे.

आता पुण्याकडे. सगळे तिकडेच जातात म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०१८ मध्ये केंद्राच्या 'ईझ ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात पुणे देशात पहिलं आलं तेव्हा पुणेकरांनी ते यथोचित नम्रपणे स्वीकारलं. पण पुणे हे एक शहर राहिलेलं नाही. त्याची नोकरी हिंजवडीत, तिची खराडीत: मधे पंचवीसेक किलोमीटर आणि सगळ्या पुण्याची वाहतूक. घर कुठे घ्यायचं? मध्यावर, म्हणजे शिवाजीनगर-डेक्कनला, परवडत नाही. मग भाव बघून वाघोली किंवा रावेत, आणि दोघांपैकी एकाचा रोजचा प्रवास तीन तासांचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांतल्या बऱ्याच भागांत सोसायट्या आजही टँकरवर जगतात. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा पाण्याकडेच बोट गेलं. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. मार्ग तेवीस किलोमीटरचा. त्यानंतर पुण्यात आलेल्या कितीतरी जोडप्यांनी तिची वाट पाहत दोन-दोन फोन नंबर बदलले, भाड्याची तीन घरं बदलली.

तीन तासांचा प्रवास वाट्याला आला की आधी कोण नोकरी सोडतं? केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. ज्याच्या डोक्यावर आधीच पावणेपाच तास घर आहे तो प्रवासाचे तीन तास कुठून काढणार? म्हणून पुण्यात येऊनही दुसरा पगार टिकत नाही. मुंबईत तो त्या मानाने टिकला, त्याचं श्रेय मी लोकलला देते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुटली. लेडीज डब्यात भाजी निवडत विरारला जाणाऱ्या बायकांवर खूप विनोद झाले, पण त्या डब्याने किती घरांत दुसरा पगार आणला हे कुणी मोजायला हवं होतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तालुक्याहून जिल्ह्याला रोज ये-जा करून नोकरी करणारीसाठी ही खरीखुरी पगारवाढ आहे. तिचं नाव मात्र 'महिला सन्मान'. सन्मान ठीकच आहे, पण रोजगार खात्यानेही ही योजना आपली म्हणावी.

इथे नेहमी येणारा आक्षेप आजीचा. गावात राहिलं तर मूल सांभाळायला आजी-आजोबा असतात, पुण्यात कोण आहे? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कारण हिशोब खरंच तसा आहे: जिथे आजी आहे तिथे नोकरी नाही आणि जिथे नोकरी आहे तिथे आजी नाही. मग आजीलाच पुण्यात आणलं जातं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे तिच्या ओळखीचं एकही माणूस नसतं. आजोबा गावाकडे एकटे भाकरी थापायला शिकतात. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण बहुतेक बायका काम करतात त्या जागी पन्नास माणसं नसतातच. वॉर्डावॉर्डांत महापालिकेचं, सकाळी आठ ते संध्याकाळी सातपर्यंत चालणारं पाळणाघर ही फार क्रांतिकारक मागणी नाही. तरी कुठल्या जाहीरनाम्यात ती पहिल्या पाचांत येत नाही. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचं २०२१ मध्ये सुचलं. घर तिच्या नावावर झालं, पण त्याच्या हप्त्यापुरतं तरी काम तिला मिळावं, याचा विचार त्यात नाही.

वर्क फ्रॉम होमने हे सगळं सुटेल असं २०२० मध्ये वाटलं होतं. नाशिक, सांगली, रत्नागिरीत बसून लोक बंगलोरच्या पगारावर काम करत होते. पुढे बहुतेकांना ऑफिसने परत बोलावलं. ज्यांना बोलावलं नाही त्यांच्यातली बाई घरूनच काम करते म्हणून घरातलं सगळं तिच्याकडेच आलं.

गंमत म्हणजे सरकारला हा प्रश्न कळत नाही असं मुळीच नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तो त्याला चांगला कळतो. पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, असं केंद्राचं ३० सप्टेंबर २००९ चं परिपत्रक आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्द प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. संसार एका गावात व्हावा यासाठी दोन नोकऱ्या एका गावात असाव्या लागतात, हे तत्त्व कागदावर मान्य आहे. ते सरकारी नोकरीच्या कुंपणाबाहेर नेण्याचं धाडस नाही एवढंच.

तोपर्यंत जोडप्याने काय करावं, असं कुणी विचारलं तर माझं सांगणं जरा कोरडं आहे. दोघांपैकी ज्याचं काम मिळायला अवघड, त्याच्यासाठी शहर निवडा. त्या शहरात त्याला पाच वर्षांनी दुसरी जागा मिळेल का ते बघा, पहिल्या नोकरीच्या पगारावर जाऊ नका. घर त्याच्याच कामाजवळ भाड्याने घ्या, दुसऱ्याने प्रवास करावा. आणि निदान सुरुवातीची काही वर्षं फ्लॅट घेऊ नका, सासरे कितीही म्हणोत की भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. वाघोलीत वीस वर्षांचं कर्ज काढलं की तिचं पुढचं काम वाघोलीपासून किती लांब यावरच ठरतं. अकरा महिन्यांचा करार कटकटीचा आहे, घरमालक डिपॉझिट परत देताना रंगाचे पैसे कापतो, सगळं खरं. पण त्या कराराने दोघांना हलता येतं.

सोलापूरकरांनी विमानसेवेसाठी किती वर्षं घालवली ते आठवा. विमानाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. त्यासाठी आणि त्याविरुद्ध मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, अख्खं गाव दोन तट पडून भांडलं. २०२५ मध्ये विमान सुरू झालं. चांगलं झालं, मुंबई जवळ आली. पण दयानंद-संगमेश्वर या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी सोलापुरात राहून काम करू शकतील अशा किती, हा प्रश्न घेऊन त्या गावात एक तरी मोर्चा निघाला का? पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला नव्या कारखान्याबद्दल नंतर विचारता येईल. आधी त्याने सांगावं, की गावातल्या अनुदानित शाळांत आणि कॉलेजांत मंजूर जागा किती, त्यातल्या रिकाम्या किती आणि त्या तो कधी भरून घेणार.